झाडाखालचं

रुखमाने काडी ओढली आणि मोहाच्या झाडाखालच्या वाळक्या पाल्याला लावली. पाला पेटला तशी ती झाडूने कडा दाबत झाडाभोवती फिरू लागली. मोह पडायच्या आधी खालचं असं जाळून साफ करायचं, म्हणजे पहाटे फुलं मातीवर लख्ख दिसतात. हे सासूने शिकवलेलं. मार्च लागला की हात काडीपेटीकडे जायचे, आजही गेले. झाड आता रिसॉर्टच्या कुंपणात आहे, हे हाताला कोण सांगणार?

थोरल्या दिराने मोहर्लीजवळचं शेत रिसॉर्टवाल्यांना विकलं, त्यात बांधावरचा मोहही गेला. नवरा लटारू मिरची तोडायला तेलंगणात गेलेला. मग रुखमा त्याच शेतात झाडूवाली म्हणून लागली, गळ्यात ओळखपत्र घालून. जन्मभर रानात राबली, तेव्हा तिला कोणी कामाची बाई म्हटलं नव्हतं. आता सारा गाव म्हणायचा, रुखमा कामाले लागली! तिला त्याचं काही नव्हतं. पोरगी नूतन चंद्रपुरात नर्सिंग शिकत होती, तिचं या पगारावर निभत होतं, बस्स.

धूर तंबूंवर गेला. पाहुणे ठसकत बाहेर आले आणि मॅनेजर कुलदीपसाहेब अनवाणीच धावत आले.

"ए बाई! पागल झाली का? जंगलाच्या तोंडावर आग लावते?"

"साहेब, मोह पडते आता. खालचं साफ करून राह्यली होती."

"मोह? कोणाचा मोह?"

'आमचा' हा शब्द तोंडाशी आला होता, तो रुखमाने गिळला.

चौकीदारांनी पाणी ओतलं. तेवढ्यात वनरक्षकाचा फोन आला. कचरा जळला होता, विझवला, असं साहेबांनी त्याला सांगितलं आणि मग ते तिच्याकडे वळले.

"तुझं नाव नाही घेतलं. घेतलं असतं तर केस झाली असती. पण उद्यापासून तू नको."

"साहेब, पोरीचं शिक्षण हाय जी. पाया पडते तुमच्या."

"पोरगी सुट्टीत घरीच आहे ना? तिला पाठव. सीझन आहे, मला माणूस पाहिजे."

रुखमाचे जोडलेले हात तसेच राहिले.

घरी तिने आधी काही सांगितलंच नाही. पण गावात गोष्ट थोडीच लपते! नूतन सगळं ऐकून आली.

"मी जाते, माय."

"काई नोको. मी जाते तुह्या बाबासंग मिरची तोडाले."

"मी नाई गेली आन साहेबानं केस केली तं? सुट्टीपुरतीच जाते."

सुट्टीपुरतं काही नसतं, हे दोघींनाही ठाऊक होतं. रुखमाला स्वतःचे हात तोडून टाकावेसे वाटले. सकाळी तिनेच आपलं कामावरचं निळं जाकीट पोरीच्या अंगावर चढवलं. खांद्यात ते ढगळ झालं.

मोह भराला आला. सुट्टी सरली, मैत्रिणी चंद्रपूरच्या बसने निघून गेल्या, नूतन राहिली. रुखमाने टोपली काढून दाराशी ठेवली होती, कशासाठी कोण जाणे.

संध्याकाळी नूतन आली. हातांना मोहाचा गोड वास येत होता.

"लय पडला का व?"

"लय."

"मंग?"

"खड्ड्यात टाकते, माय. आंबला का पाहुण्यायले वास येते."

रुखमाने तिचा हात नाकाशी धरला आणि तिला रडू फुटलं. अशा वासाने घर भरून जायचं, पोरगी तेव्हा टोपलीतच झोपायची. नूतनने हात सोडवून घेतला.

"कॉलेजातून फोन आलता," ती म्हणाली.

"का म्हने?"

"उचलला नाई."

मोरीवर जाऊन ती हात धुऊ लागली. साबण लावला, पुन्हा लावला.

"सकाळी लवकर उठवजो, माय," तिथूनच ती म्हणाली. "पाहुणे उठाच्या आत झाडाखालचं साफ करा लागते."