भुईवर

भाईदास दाजी योग शिकवायला लागले तेव्हा सगळ्यांत आधी हसले ती मी. मेहुणीचा हक्कच असतो तो. पन्नाशीचा माणूस, जळगावच्या जिनात कापूस तोलण्यात जन्म गेलेला, कमरेत वाकून अर्धा झालेला, आणि एक दिवस धुळ्याच्या एस.टी.तून उतरतो तो ताठ! "दाजी, धुळ्यात मानूसले इस्त्री करी देतस का?" मी विचारलं. दाजी हसले. निंबा गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलंच नव्हतं, म्हणून पुढची थट्टा मी गिळून टाकली.

निंबा म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा, एकुलता एक मुलगा. एक्कावन्न साली मॅट्रिकला बसायचा होता. विषमज्वरानं गेला. आमच्याकडे जीव जायची वेळ आली की माणसाला खाटेवरून उतरवतात आणि सारवलेल्या भुईवर घेतात. त्या दिवशी भुई सारवली ती अक्कानंच. बायका तिला मागे ओढत होत्या, पण तिनं शेणाच्या पाटीला कुणाला हात लावू दिला नाही. सारवून झाल्यावर तिनंच त्याचे पाय धरून त्याला खाली घेतला. तेव्हाही रडली नाही, नंतरही नाही. आणि त्या दिवसापासून ती कधी आडवी झाली नाही. रात्री धान्याच्या कोठीला पाठ टेकायची, गुडघे पोटाशी घ्यायची आणि डोळा लागला तर लागला. आम्ही रागावलो, समजूत घातली, देवाच्या शपथा दिल्या. माझी बहीण हट्टाला माझ्याहून चढ, आणि मी काय चीज आहे ते गल्लीला ठाऊक आहे.

दाजींची कंबर धरली ती निंबा गेला त्याच महिन्यात. तेल झालं, शेक झाला, वैद्य झाले. दोन वर्षांनी ते धुळ्याला एका लग्नाला गेले. तिथे पांझरेच्या काठी पितांबर मास्तर म्हणून एक निवृत्त शिक्षक सकाळी आसनं शिकवायचे. जिन पावसाळ्यात बंदच असतं, म्हणून दाजी तिथेच राहिले आणि दसऱ्याच्या तोंडावर घरी आले. तिथे काय मिळालं ते त्यांनी मला एकदाच सांगितलं.

"बेबा, बठ्ठी आसनं व्हयनीत का मास्तर सांगेत, आते भुईवर उताना पडा, मुडदासारखा. मी पडनू. आपला निंबा पडेल व्हता तसाच पडनू. अन् डोयानं पानी निंघनं ते कानमा उतरनं. तुन्ही अक्काले मले तेवढंच शिकाडनं शे. बाकी काही नही."

आता एवढंच शिकवायचं तर गाव गोळा कशाला करायचं? पण अक्काला समोर बसवणं म्हणजे गाव गोळा करण्यापेक्षा अवघड. दाजींनी आधी शेजारची चार पोरं धरली, मग बाजारातले व्यापारी आले, कुणाची पाठ, कुणाचं पोट. शेवटच्या आसनाचं नाव शवासन हे कळलं तेव्हा शेजारच्या भिकुबाई अंगणात येऊन ओरडल्या, "जिता मानूसले मुडदा करस का रे, भाईदास?" दुसऱ्या दिवशी पोरं गायब. तेव्हापासून दाजी त्याला विसावा म्हणू लागले. पोरं परत आली.

दुपारी बायकांचा वर्ग मी जमवला. दाजी आमच्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसायचे आणि तिथूनच सांगायचे. परक्या बायका भुईवर पडलेल्या, तिकडे पाहणार कसे? आम्ही मागे नीट करतोय की खिदळतोय ते त्यांना नुसत्या आवाजावरून कळायचं. "बेबा, हसू नको," असं भिंतीकडे बघत म्हणायचे.

अक्का दारात बसून डाळ निवडायची. शेवटी विसाव्याची वेळ आली की दाजींचा आवाज चढायचा. "पाय सैल सोडा. हात सैल सोडा. पोट सैल सोडा. श्वास आपोआप येऊ द्या, जाऊ द्या." एवढ्या मोठ्यानं आम्हाला सांगायची काही गरज नव्हती. आम्हाला ठाऊक होतं तो कुणासाठी आहे. अक्का सूप उचलून आत निघून जायची. मग बऱ्याच वेळानं दाजी म्हणायचे, "आता सावकाश डोळे उघडा," आणि आम्ही पदर सावरत उठायचो.

एकदा त्यांनी तिला सरळ विचारलं, तू भुईवर निजशील का. मी तिथेच होते. अक्का म्हणाली, "मन्हा पोऱ्या जठे शेवटला जपना, तठे मी पाय ताणीसन जपू?" दाजींनी पुन्हा विचारलं नाही. आवाज मात्र कमी केला नाही.

अठ्ठावन्नच्या उन्हाळ्यात अक्काच्या अंगात बारीक ताप मुरला. अन्न तुटलं. डॉक्टरांनी हात टेकले. खाटेवरही ती उशांच्या ढिगाला टेकून बसलेलीच. एका दुपारी भिकुबाईंनी तिची नाडी पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "भुईवर घ्या तिले." मी सारवायला उठले.

"नही!" दाजी ओरडले. साऱ्या जळगावला भुईवर निजवणारा माणूस खाटेला दोन्ही हातांनी धरून उभा. "कोनी हात नही लावाना तिले. खाले नही लेवानं!"

तेव्हा अक्का बोलली. आवाज अगदी तळाशी गेला होता. "घ्या मले खाले. अन् तुम्ही शिकाडा आते."

मी आणि भिकुबाईंनी तिला उतरवलं. दाजी उशाशी बसले. या वेळी भिंतीकडे तोंड नाही, तिच्याकडे. जन्मभर तिला 'तू' म्हणणारा माणूस, सवयीनं वर्गातलंच बोलू लागला. "पाय सैल सोडा." अक्कानं गुडघे सरळ केले. सात वर्षांत पहिल्यांदा मी माझ्या बहिणीची पूर्ण लांबी पाहिली. "हात सैल सोडा. पोट सैल सोडा." तिच्या डोळ्यांतून पाणी निघालं आणि कानात उतरलं. तोंडावर पदर दाबून मी रडू आवरलं, कारण तिचा चेहरा इतका मोकळा झाला होता. "श्वास आपोआप येऊ द्या, जाऊ द्या."

थोड्या वेळानं श्वास गेला तो आला नाही. बायकांनी हंबरडा फोडला. दाजींनी वर्गात करायचे तसा हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि पुन्हा पायापासून सुरुवात केली. पाय सैल सोडा. हात सैल सोडा. श्वासापर्यंत आले आणि पुन्हा पायापासून. पुढचं वाक्य त्यांना म्हणायचं नव्हतं. शेवटी भिकुबाईंनी त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

वर्ग चालू आहे. दाजी भिंतीकडे तोंड करून सांगतात, आवाज आता अगदी हळू. श्वासापर्यंत येतात आणि थांबतात. अक्का गेल्यानंतरच्या पहिल्या दिवशी आम्ही किती वेळ तशाच पडून राहिलो, कुणाला उठायचा धीर होईना. मग रांगेतून मीच म्हणाले, "आता सावकाश डोळे उघडा."

तेवढं एक वाक्य आता रोज मी म्हणते. बायका उठतात, पदर सावरतात, घरी जातात. दाजी पाठमोरे बसून राहतात.