भिंतीचं पोट

एम्लिनने थापीची पुढची कड जराशी उचलली आणि खिडकीपासून दारापर्यंत एक लांब हात मारला. ओला गिलावा पात्याखाली सायीसारखा सरकला. मग दोन पावलं मागे येऊन त्याने भिंतीकडे पाहिलं. पोट तिथंच होतं.

पालथ्या घातलेल्या बशीएवढा फुगवटा, खांद्याच्या जरा वर. मघाशी तो खिडकीजवळ होता. तेव्हा त्याने तो थापीने दाबला, वरून पाण्याचा ब्रश फिरवला, पुन्हा दाबून बसवला. आता तो दाराकडे सरकला होता. ओला गिलावा सरकतो हे खरं, पण तो खाली सरकतो. आडवा सरकलेला एम्लिनने चाळीस वर्षांत पाहिला नव्हता.

त्याने थापी बादलीत धुतली, फडक्याने पुसली आणि पिशवीतून दुसरी काढली.

सकाळपासूनची ही तिसरी थापी. पहिली नवी होती, दोन आठवड्यांपूर्वी घेतलेली. नव्या थापीचे कोपरे टोचतात आणि पातं ताठ असतं. महिनाभर खडबडीत भिंतींवर झिजवल्याशिवाय तिला कुणी शेवटच्या हाताला लावत नाही, त्यामुळे तिला दोष देणं सोपं गेलं. दुसरी गिलावा चढवायची, जाड पात्याची. तिचं पातं मधून वाकलं असेल म्हणून तीही खाली ठेवली. ही तिसरी अकरा वर्षांची होती, झिजून कागदासारखी पातळ झालेली, मनगट वळेल तशी वळणारी. हिच्यात खोट काढायला जागा नव्हती.

जुन्या थापीने त्याने तीन हात मारले आणि मागे सरला. पोट आता भिंतीच्या बरोबर मधे होतं.



बाहेर पायरीवर डेल्विन बादल्या खरवडत होता. एकोणीस वर्षं दोघं एकत्र काम करत होते, आणि बादली घासायचं काम कुणाचं यावरून एकोणीस वर्षं भांडत होते. जुन्या गिलाव्याचा कण जरी बादलीत राहिला तरी नवा गिलावा भराभर धरतो आणि हाताबाहेर जातो. अलीकडे डेल्विन न भांडता घासायचा. एम्लिनने त्याला आत बोलावलं.

डेल्विनने बोटाच्या पेराने भिंत दाबून पाहिली. शेवटच्या हाताला वीस मिनिटं आहेत, जास्त नाहीत, असं तो म्हणाला. मग त्याची नजर मधल्या भागावर गेली. तिथे गिलावा काळपट होऊन काचेसारखा चमकत होता.

"इथं जरा जास्त घोटलंयस. रंग धरायचा नाही यावर."

"पोट आहे तिथं."

डेल्विनने भिंतीकडे पाहिलं. मग एम्लिनकडे पाहिलं.

"भिंत छान आहे," तो म्हणाला. "अगदी छान आहे."

हीच तर अडचण होती. त्याची बायको नेस्टा जाऊन तेरा महिने झाले होते आणि तेरा महिने सगळं छान होतं. पूर्वी हाच डेल्विन विचारायचा की ही भिंत आहे की मेंढीची पाठ, आणि तो तसं बोलला नाही म्हणजे भिंत सरळ आहे असं एम्लिन धरून चालायचा. आता डेल्विन, पाववाला, चर्चचे पाद्री, सिमेंटच्या दुकानातला तो तोंडाळ पोरगा, सगळे त्याच्याशी एकाच मऊ आवाजात बोलत. त्या आवाजातलं एक अक्षरही खरं मानावं असं नव्हतं.

डेल्विन बाहेर गेला तसं एम्लिनने सहा फुटी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी घेतली आणि भिंतीला आडवी लावली. पट्टी सरळ असते. भिंतीला पोट असेल तर ती त्याच्यावर झुलते. ही झुलली नाही, दोन्ही टोकांना घट्ट बसली. त्याला हायसं वाटलं आणि त्याने पट्टीकडे नीट पाहिलं.

पट्टी मधे वाकलेली दिसत होती.

त्याने ती पटकन खाली ठेवली, भिंतीशी, तोंड फिरवून, वाईट बातमीचं पत्र पालथं ठेवावं तशी. गाडीच्या टपावरून पडून वाकली असेल, असं त्याने मनात म्हटलं. केव्हा पडली ते मात्र आठवेना. आठवलं ते दुसरंच. एप्रिलमध्ये, इस्टरच्या आठवड्यात अमनफर्ड गावाकडे येताना रस्त्यावरची मधली पांढरी रेघ एका जागी मुरडलेली दिसली होती. रस्ता दुरुस्त करताना कुणीतरी धांदरटपणा केला, असं तो डेल्विनला म्हणालाही होता. दुसऱ्या दिवशी ती मुरड दुसऱ्या जागी होती. त्यानंतर त्याने रेघेकडे बघणं सोडून दिलं.

नेस्टाचंही असंच झालं होतं. एका सकाळी ती जिन्याच्या मधल्या पायरीवर धापा टाकत थांबली आणि म्हणाली, हा जिना रात्रीतून उंच झालाय की काय. दोघंही हसले होते. पुढे दोन महिने ती जिन्यालाच नावं ठेवत राहिली, आणि तोही तिच्याबरोबर ठेवत राहिला. एका रविवारी त्याने पायऱ्यांची उंची खरंच मोजली होती.

त्याचे तळवे घामेजले. थापीची मूठ निसटेल म्हणून त्याने ती दुसऱ्या हातात घेतली. समोर दाराची चौकट होती. तिच्याकडे त्याने पाहिलं नाही.

घरमालकीण बेननबाई चहाचा ट्रे घेऊन आल्या तेव्हा तो तसाच उभा होता.

मोरविद बेनन एकोणऐंशी वर्षांच्या होत्या. बाजारामागच्या गल्लीत चाळीस वर्षं त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं, आणि त्यांच्या कात्रीपेक्षा त्यांची जीभ जास्त चालते असं गाव म्हणे. पहिल्याच दिवशी त्यांनी एम्लिनला 'प्रॉसर' अशी आडनावाने हाक मारून सांगून टाकलं होतं की गाडी वाकडी लावली आहे आणि डेल्विनच्या विजारीची शिवणही वाकडी आहे. नेस्टाचं कळल्यावर त्यांनी आवाज मऊ केला नव्हता. तिच्या लग्नाचा झगा त्यांनीच शिवला होता म्हणे, आणि कंबरेत दोनदा सैल करावा लागला, कारण नवरी लग्नाआधीच केकवर हात मारत होती. तेरा महिन्यांत नेस्टाबद्दल कुणी बोललेलं ते पहिलं खरं वाक्य होतं.

त्यांनी ट्रे खिडकीत ठेवला. कपांच्या बाजूला तव्यावरचे मनुक्यांचे केक होते.

"बेननबाई," एम्लिन म्हणाला, "एक विचारू? मनाला बरं वाटेल ते नाही, खरं सांगायचं. या भिंतीला पोट आहे का?"

बाई भिंतीजवळ गेल्या. भिंतीकडे त्यांनी सरळ पाहिलंच नाही. कोंबडी पाहते तशी मान तिरकी केली, आणि उजव्या हाताची बोटं उलटी करून नखांच्या बाजूने गिलाव्यावर टेकवली. तो घाईने म्हणाला की अजून ओलं आहे, ठसे उठतील. चाळीस वर्षं साटिन हाताळलंय, ठसे कसे उठू द्यायचे नाहीत ते मला शिकवू नका, असं त्या म्हणाल्या. बोटं हळूहळू चमकत्या भागावरून पुढे गेली, परत आली.

"इथं काही नाही."

"नीट बघा ना."

"बघता आलं असतं तर हात कशाला लावला असता?"

त्याला कळलं नाही. बाईंनी बोटं एप्रनला पुसली.

"मला कुठल्याही गोष्टीचा मधला भाग दिसत नाही, प्रॉसर. कडा दिसतात. तुमचे कान दिसतात, तोंड नाही. तुमच्या माणसाला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, त्याने तुमच्या कानावर घातलं नसेल. जपतोय तो तुम्हाला." त्यांनी बोट दाराकडे केलं. "त्या दाराची चौकट सरळ दिसते का?"

"दिसते."

"मान तर हलली नाही तुमची. कान दिसतात म्हटलं ना मी."

त्याने चौकटीकडे मान वळवली.

"कुठला डोळा?" बाईंनी विचारलं.

त्याने डाव्या डोळ्यावर तळवा ठेवला. भिंतीच्या मधोमध पोट होतं, आणि त्या पोटाच्या मधे अंगठ्याच्या ठशाएवढा राखाडी डाग. चौकट कंबरेत मोडल्यासारखी दिसत होती. मग त्याने तळवा उजव्या डोळ्यावर नेला.

भिंत सपाट झाली. इतक्या सपाट भिंती त्याने आयुष्यात चार-पाचच ओढल्या असतील.

खोट भिंतीतच निघावी, असं तो सकाळपासून मनातून मागत होता. ते त्याला आत्ता कळलं.

"उजवा," तो म्हणाला.

केव्हापासून, असं बाईंनी विचारलं. इस्टरपासून, असं तो म्हणाला. आता जुलै लागला होता. बाईंनी बोटं मोजली नाहीत, पण त्या मोजताहेत हे त्याला दिसलं. त्यांनी स्वतः चार महिने चष्म्याला दोष दिला होता. तीन चष्मे बदलले. दुकानदार नाताळला शुभेच्छापत्र पाठवायला लागला होता. डोळ्याच्या मागच्या पडद्याखाली पाणी साचतं, आणि ते लवकर सापडलं तर थांबवता येतं. त्या डॉक्टरकडे गेल्या तेव्हा एका डोळ्याची वेळ उलटून गेली होती, आणि दुसऱ्याचीही जवळजवळ तशीच.

"थांबवतात कसं?"

"सुई देतात."

"दंडात?"

"डोळ्यात." त्यांनी आवाज मऊ केला नाही. "ऐकायला वाईट आहे. असतंही वाईट. पण दोन मिनिटं."

एम्लिनने थापी उगाच फडक्याने पुसली. पात्यावर पुसण्यासारखं काही नव्हतं.

"हे काम संपलं की जातो. सोमवारी."

"ही भिंत थांबेल का सोमवारपर्यंत?"

 ती दहा मिनिटंही थांबली नसती.

बाईंनी स्वयंपाकघरातून मोठ्या आकड्यांचा फोन आणला, न बघता बोटांनीच नंबर दाबला आणि त्याच्या हातात दिला. पलीकडे रुग्णालयाच्या डोळ्यांच्या विभागातली नर्स होती. तिने नाव विचारलं, जन्मतारीख विचारली, रेषा वाकड्या दिसतात का, केव्हापासून दिसतात. मग म्हणाली, आजच या, चारच्या आत. नवी इमारत नाही, जुनीच, दुसरा मजला. तो मजला एम्लिनला ठाऊक होता. तिथल्या लिफ्टचं दार दोनदा अडतं हेही ठाऊक होतं. तेरा महिन्यांत त्या इमारतीवरून जायला लागू नये म्हणून तो दीड मैलाचा वळसा घालत होता.

दोन्ही डोळ्यांत थेंब घालू, नर्स सांगत होती, काही तास धुरकट दिसेल, गाडी चालवता येणार नाही. सोबत कोण असेल?

त्याने तोंड उघडलं. छत्तीस वर्षं असल्या प्रश्नाला एकच नाव होतं आणि ते जिभेवर आलंही. ते त्याने गिळलं. त्या मजल्यावर नेस्टाच्या सोबतीला बसलेला माणूस तो स्वतः असायचा, कोट मांडीवर घेऊन.

"हॅलो? सोबत कोण असेल?"

"मी नेतो," दारातून डेल्विन म्हणाला. धुतलेली बादली त्याच्या हातात होती आणि तिच्यातून पाणी ठिबकत होतं. तो केव्हापासून उभा होता कोण जाणे.

दोघांनी एकदमच भिंतीकडे पाहिलं. तिचा रंग बदलू लागला होता. आता शेवटचा हात पडला नाही तर सगळी भिंत खरवडून काढावी लागली असती.

"मरू दे भिंत," डेल्विन म्हणाला.

"तू हलायचं नाहीस इथून."

"एम्लिन..."

"ओली भिंत सोडून दोघांनी जायचं नाही. एकानेच."

डेल्विनने बादली ठेवली. पुढे येऊन त्याने एम्लिनच्या हातातली थापी काढून घेतली. मूठ घामाने ओली होती, ती त्याने विजारीला पुसली. मग तो चमकत्या डागासमोर उभा राहिला.

"गाढवासारखं घोटलंयस," तो म्हणाला.  "हे घासायला मला अख्खा उद्याचा दिवस लागणार."

"लागू दे."

एम्लिनने फोन पुन्हा कानाला लावला, पण नर्सला काय सांगायचं ते त्याला सुचेना. इतक्यात बेननबाई बैठकीतून आल्या. त्यांनी निळा कोट घातला होता आणि बटणं वरून खाली न चुकता लावत होत्या. त्यांनी त्याच्या हातून फोन घेतला.

"मोरविद बेनन असेल सोबत," त्यांनी नर्सला सांगितलं. "हो, तीच. नाही, आज माझी पाळी नाही."

बसचा थांबा चार घरं पलीकडे होता. बाई त्याच्या दंडाला धरून चालत होत्या, की त्याला धरून नेत होत्या, ते बघणाऱ्याला सांगता आलं नसतं. उघड्या खिडकीतून थापीचा आवाज येत होता. डेल्विन जरा जास्त जोर देत होता. एम्लिनची पावलं मंदावली.

"चला," बाई म्हणाल्या.

थांब्यावर दोघंच होती. त्याच्या नखांत गिलावा वाळून पांढरा झाला होता. तो बाकावर बसला नाही. बसला तर उठवणार नाही असं त्याला वाटलं. सुई आत जाताना डोळा उघडाच ठेवावा लागतो का, हे त्याला विचारायचं होतं. पण उत्तर खरं मिळालं असतं, म्हणून त्याने विचारलं नाही.

वळणावरून बस आली.

"कितीची आहे?" बाईंनी विचारलं. "मला नुसता लाल ठोकळा दिसतो. आपल्याला एकशे अठ्ठावीस हवी."

सवयीने त्याने दोन्ही डोळ्यांनी पाहिलं. आकडे एकमेकांत मिसळलेले होते. डावा डोळा झाकला तेव्हा कडेचे दोन उरले आणि त्यांच्या मधे काहीच नव्हतं. बस जवळ येत होती. त्याने तळवा उजव्या डोळ्यावर नेला.

"एकशे अठ्ठावीस."

"नक्की?"

तो लगेच बोलला नाही. हात तसाच ठेवून त्याने आकडा पुन्हा एकदा वाचला, एक एक करून.

"नक्की."

बाईंनी बस थांबवायला हात वर केला.