बदली येईपर्यंत

“दाबा ना मावशी. बघत काय बसलात?”

सुपरवायझर भावेश माझ्या खुर्चीमागे उभा होता. बाहेर गेटवर ट्रकवाले हॉर्नवर हात ठेवून बसले होते. टेबलावरच्या फोनमधून आमचा इंजिनिअर शैलेश बोलत होता. तो नाशिक हायवेच्या कडेला मोटरसायकल उभी करून होता, जवळ लॅपटॉप नव्हता.

“जोहरामावशी, उजव्या कोपऱ्यात रीस्टार्ट लिहिलंय. ते दाबा. पाच मिनिटांत सगळं चालू होईल.”

“दिसतंय सर. पण जरा थांबा.”

“थांबा काय थांबा?” भावेश म्हणाला. “चाळीस गाड्या उभ्या हायत बाहेर. ड्रायव्हर लोक मला खाऊन टाकतील.”

पूर्णा गावातल्या ज्या गोडाऊनमध्ये मी काम करते, तिथे औषधांची खोकी येतात आणि जातात. कुठलं खोकं कुठल्या रॅकवर, किती उरली, किती गाडीत चढली, ही माहिती गोडाऊनमध्ये नसते. ती कुठेतरी लांब, भाड्याच्या मशीनवर असते. तिला डेटाबेस म्हणतात. तिची तब्येत बघायला इंटरनेटवर एक पान आहे. ते पान उघडून समोर बसायचं, रेघा बघायच्या, रेघ तांबडी झाली की शैलेशला फोन करायचा आणि तो सांगेल ते बटण दाबायचं, हे माझं काम.

त्याआधी चार वर्षं मी याच गोडाऊनमध्ये झाडू मारला. त्याच्याही आधी सव्वीस वर्षं निजामपुऱ्यात अय्यूबशेठच्या लूम कारखान्यात, यंत्रमागांसाठी, सुताच्या कांड्या भरल्या. अक्षरओळख चाळिशी उलटल्यावर झाली, माझ्या लेकीच्या, रमशाच्या पाटीवर. इंग्रजी शब्द खोक्यांवरून शिकले. झाडता झाडता एकदा मीच तांबडी रेघ पहिली पाहिली, म्हणून शैलेशने मला या खुर्चीवर बसवलं. तीन महिन्यांच्या बोलीवर. मग तो रिपोर्ट देणार, आणि त्यावरून खुर्ची राहणार किंवा झाडू परत हातात येणार.

तीन महिने त्याच दिवशी संपत होते.

“मावशी,” शैलेशचा आवाज खाली आला, “आज तुमचा रिपोर्ट द्यायचाय मला. सांगितलेलं केलं नाही असं लिहायला लावू नका.”

मी पानाकडे बघितलं. थांबलेल्या कामांचा आकडा एकशे बारा होता आणि वाढत होता. पण शेजारची रेघ, मशीनवर किती जोर पडतोय ते दाखवणारी, ती अगदी जमिनीला टेकली होती. तेच मला खटकत होतं. कारखान्यात मोटर तापली तर समजायचं, माल जड आहे. पण मोटर गार आणि सगळे लूम उभे, म्हणजे कुणीतरी काहीतरी धरून ठेवलंय.

“सर, मशीन गार हाय. काम जास्त झालेलं नाही. कुणीतरी अडवून ठेवलंय.”

मग शैलेश म्हणाला, “खालची यादी उघडा. सगळ्यात जुनं कोण आहे?”

मी यादी उघडली. बोट ठेवून वाचलं. एकशे बारा जण एकाच्या मागे उभे होते, आणि तो एक होता टेबल नंबर सात. पंचावन्न मिनिटांपासून काहीच न करता बसलेला.

“टेबल सात,” मी म्हणाले. “मोजणीवाल्या लडकूभाऊचं.”

“मग तेवढंच काढून टाका. नावापुढे फुली आहे.”

भावेश पुढे वाकला. मी त्याच्या आणि माऊसच्या मध्ये हात ठेवला.

सकाळी सातपासून मोजणी होती. मोजणी असली की एक वाजेपर्यंत गेट बंद असतं. शेलार गावाकडच्या पाड्यावरच्या तीस बायका हातात स्कॅनर घेऊन रॅकवर चढतात, एकेक खोकं टिपतात, आणि ते सगळं लडकूच्या पानावर जमा होत जातं. शेवटी तो ‘पूर्ण’ दाबतो. तोवर ती मोजणी कच्ची. फुली मारली की कच्चं पुसलं जातं, रीस्टार्ट केलं तरी पुसलं जातं. हे शैलेशनेच मला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं.

“सर, फुली मारली तर सकाळची मोजणी जाईल ना?”

“जाईल.” त्याने श्वास सोडला. “पण दुसरा मार्ग नाही. परत मोजतील.”

“परत?” मी म्हणाले. “वर पत्रे तापलेत. सहा तास शिडीवर चढउतार केलीय त्या बायांनी. ठकीचा पाय सुजलाय.”

“मग लडकूला सांगा पूर्ण दाबायला,” शैलेश म्हणाला.

“लडकू गेला घरी,” भावेश म्हणाला. “एक वाजता पंच करून गेला. फोन बंद हाय त्याचा. पडद्याला आपोआप कुलूप लागलंय, पासवर्ड त्याच्या डोक्यात. आणि दुसऱ्या शिफ्टचा नामा आलाच न्हाय आज, ताप आलाय म्हणून मला मेसेज केला.”

“लडकूला सांगितलंस का, नामा येणार नाही म्हणून?” मी भावेशला विचारलं.

“त्याला कशाला सांगू? त्याची ड्युटी संपली.”

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. लडकू इथे यायच्या आधी वीस वर्षं लूमवर होता. लूमवाला शिफ्ट संपली म्हणून लूम बंद करत नाही. चालता लूम बदलीच्या, म्हणजे पुढच्या पाळीच्या माणसाच्या हातात देतो. मागचे दोन रॅक मोजायचे राहिले असतील, म्हणून त्याने पान उघडंच ठेवलं असणार, नामाने पुढे चालवावं म्हणून. आणि लूमवाल्याचा दुसरा नियम पहिल्याहून कडक. बदली आल्याशिवाय जायचं नाही.

“लडकूभाऊ घरी गेला नाही,” मी म्हणाले.

“मावशी, पंच मारलाय त्याने! हजेरीच्या मशीनमध्ये दिसतंय.”

“शिफ्टच्या वर मशीन थांबू देत नाही म्हणून पंच मारला. माणूस इथंच असेल. सर, मला दहा मिनिटं द्या.”

“आणि नाही सापडला तर?”

“तर येऊन फुली मारते. आणि तुमच्या रिपोर्टमध्ये लिहा, जोहराने ऐकलं नाही.”

फोनमधून हायवेवरच्या गाड्यांचा आवाज येत होता.

“दहा,” शैलेश म्हणाला. “भावेश, तोपर्यंत त्या माऊसला हात लावू नकोस.”

माझे गुडघे जिना उतरताना बोलतात. त्या दिवशी काय बोलले ते मी ऐकलं नाही. गेटबाहेर ट्रकांची रांग वळणापर्यंत गेली होती. एक ड्रायव्हर ओरडला, “अम्मा, कब खुलेगा?” मी म्हणाले, “अभी, बेटा,” आणि दोन ट्रकांच्या मधून वाट काढली.

चहाच्या टपरीमागे, बाकड्याच्या अगदी टोकाला, जिथून रस्ता दिसतो तिथे लडकू बसला होता. डबा मांडीवर, मान रस्त्याकडे.

“लडकूभाऊ!”

“जोहराबाय? तू कशी इथं?” तो उठला. “नामा अजून आला न्हाय बघ. तास झाला. येऊ दे त्याला, त्याचा कानच धरतो.”

“तो येणार नाही, आजारी हाय. फोन का बंद ठेवलास?”

“चार्जिंग सपलंय. काय झालं?”

“तुझं पान उघडं हाय. त्याच्यामागं सगळं गोडाऊन अडकलंय.”

त्याचा चेहरा उतरला. “अगं, मी तर चालू ठेवलं. बंद करून कसा जाऊ? मागचे दोन रॅक राह्यले असते.”

“ठाऊक हाय मला. चल लवकर.”

आम्ही दोघे म्हातारे पळालो असं म्हणवत नाही, पण चाललो त्याहून जोरात. भावेशने जिन्यावरूनच बघितलं आणि तोंडातला मावा थुंकायला धावला. लडकूने सात नंबरवर बसून पासवर्ड टाकला. दोनदा चुकला.

“सावकाश,” मी म्हणाले. “अजून तीन मिनिटं हायत आपली.”

तिसऱ्यांदा पान उघडलं. “दोन रॅक मागनं मोजू,” म्हणत त्याने ‘पूर्ण’वर दाबलं.

मी माझ्या खुर्चीकडे गेले. एकशे एकतीस होते. डोळ्यादेखत नव्वद झाले, चाळीस झाले, सहा झाले. मग शून्य. गार पडलेली रेघ उठली, थोडी वर गेली आणि नीट चालू लागली. खाली गेटचा लोखंडी आवाज आला आणि पहिला ट्रक हलला.

“सर,” मी फोनमध्ये म्हणाले, “सुटलं. मोजणी शाबूत हाय.”

पलीकडे शैलेश हसला. मोठ्याने, हायवेवर एकटाच. “मावशी, मी फुलीच मारली असती. शप्पथ.”

“तुम्हाला लूम कुठं ठाऊक?”

“उद्यापासून खुर्ची तुमची पक्की. फुलीचा निर्णयही तुमचा, मला विचारायची गरज नाही. आता सांगा, रिपोर्टमध्ये काय लिहू? चूक कुणाची?”

लडकू दाराशी उभा होता. डबा दोन्ही हातांनी छातीशी धरून. भावेशही वळून माझ्याकडे बघू लागला.

आयुष्यात मला कुणी ‘काय लिहू’ असं विचारलं नव्हतं. मी खुर्ची पुढे ओढून बसले.

“लिहा,” मी म्हणाले. “पान अर्धा तास उघडं राहिलं तर घंटी वाजायला पाहिजे, ती वाजली नाही. बदली येणार नसेल तर बसलेल्या माणसाला कळवायला पाहिजे, ते कळवलं नाही. घंटी बसवा. एवढंच लिहा. नाव कुणाचंच नको.”

“बरं,” शैलेश म्हणाला. कीबोर्ड नसतानाही तो लिहून घेतोय असं मला वाटलं.

भावेश कान खाजवत खाली निघून गेला.

चार वाजता पाड्यावरच्या बायकांना न्यायला टेम्पो आला. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. दुपारी गाड्या का थांबल्या आणि का सुटल्या, कुणी विचारलंही नाही. ठकी पाय ओढत माझ्या खिडकीखालून गेली.

“बाय गं जोहरा,” ती वर बघून ओरडली, “दिसभर खुर्चीवर बसून तुझं ढुंगण दुखत न्हाय का?”

सगळ्या खिदळल्या.

“दुखतं तर!” मी ओरडले. “चढ लवकर, टेम्पो सुटेल.”

त्या एकमेकींना वर ओढत चढल्या. ठकीला कडेची जागा दिली आणि तिचा सुजलेला पाय एकीने स्वतःच्या मांडीवर घेतला. टेम्पो शेलारच्या वाटेला लागला तेव्हा अजून चांगलं ऊन होतं.