डाव्या पायातली साखळी

मी स्वानंदीच्या डाव्या पायातली चांदीची साखळी बोलतेय. एका सकाळी अंघोळीनंतर माझी आकडी नेहमीच्या कडीत बसेना. उजव्या पायातली माझी बहीण मात्र खुशाल सैल लोंबत होती. मी दचकलेच. तशी मी भित्रीच आहे; दार आपटलं तरी माझे घुंगरू वाजतात.

आम्हा दोघींचा जन्म रामआळीतल्या विनीत सोनारांच्या दुकानातला. एका मापाच्या, एका वजनाच्या. स्वानंदी चालायला लागली तेव्हा आम्ही तिच्या पायात आलो आणि घरभर वाजत सुटलो.

मग गेल्या वर्षी तिचा गुडघा सुजला. इतक्या लहान मुलांनाही संधिवात होतो, हे घराला तेव्हा कळलं. मुंबईच्या डॉक्टरांचं औषध लागू पडलं, गुडघ्याची सूज उतरली. तेव्हापासून रोज सकाळी सगळे तिचा गुडघा बघायचे. खाली माझ्याकडे कोण बघतंय!

मी आवळायला लागले तेव्हा आजीला उलट आनंदच झाला. "औषधाने अंग धरलंन् पोरीने," असं म्हणून लीलाआजी मला घेऊन सोनाराकडे गेली. विनीतदादांनी मला दोन कड्या जोडल्या आणि म्हणाले, "आता दिवाळीपर्यंत बघायला नको, आजी!"

मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? पण स्वानंदी सकाळी उठली की डावं पाऊल जपून टाकायची. दुपारी पळायची, म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. घोट्याच्या आतल्या बाजूला, हाडामागे, मला काहीतरी मऊ, गरम लागायचं. ओरडावंसं वाटे. पण मी वाजले की लोक म्हणतात, किती गोड वाजते!

तिची आई मनस्विनी माझ्यासारखीच घाबरट. तिने एक्स-रे काढून आणला, रक्त तपासून आणलं. दोन्ही चांगले आले.

"म्हटलं नव्हतं?" आजी म्हणाली. "सूज पोरीच्या पायाला नाय गो, तुझ्या डोक्यात आहे!"

मनस्विनी कसनुशी हसली. मग स्वानंदीला अंघोळ घालायच्या आधी तिने आम्हा दोघींना काढून टेबलावर शेजारी शेजारी ठेवलं, आणि तिचा हात थांबला. मी बहिणीपेक्षा लांब होते.

"आई, अंग धरलंय तर एकाच पायाने कसं हो?"

आजी उठली. चपला शोधायला लागली.

सोनोग्राफीच्या खोलीत मी मनस्विनीच्या मुठीत होते. डॉक्टर ईशाने आधी घोट्याच्या सांध्यावर यंत्र फिरवलं. "इथे काही नाही," ती म्हणाली. आजीने सुस्कारा सोडला. मग यंत्र आतल्या हाडामागे सरकलं आणि पडद्यावर एका गोल ठिपक्याभोवती काळं कडं दिसलं. कड्यात लाल ठिणग्या लुकलुकत होत्या.

"हे टेंडन. स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी. तिच्या आवरणात पाणी झालंय, आणि हे लाल म्हणजे सूज अजून चालू आहे. सांधा सुजलाय की दोरी, हे वरून चाचपून नेहमी कळत नाही. मुंबईच्या डॉक्टरांशी आजच बोला. असंच राहिलं तर दोरी कमजोर होते, पाऊल वाकडं पडू शकतं."

"मला गुदगुल्या होतायत," स्वानंदी म्हणाली.

आता आम्ही बाहेरच्या बाकावर आहोत. मनस्विनी फोन लावतेय. एंगेज. परत लावला, वाजून वाजून बंद झाला. तिच्या घामाने मी ओली झालेय. स्वानंदी आजीच्या मांडीवर बसून बिस्कीट खातेय.

"परत लाव गो," आजी म्हणाली. आवाज अगदी बारीक. "नाय उचलला तर आपण गाडीने जाऊ. सलिलला लोट्याहून बोलवून घे." सलिल म्हणजे स्वानंदीचा बाबा, लोट्याला नोकरीला असतो.

बायाबापड्यांनो, कुणाच्या पायात काही एकाएकी घट्ट झालं, तर ते लांबवायच्या आधी पाय बघा. माझं एवढंच मागणं आहे. आणि डॉक्टर, तुम्ही जिथे असाल तिथून फोन उचला हो.

परत रिंग जातेय. एकदा. दोनदा. मनस्विनीने मला इतकं घट्ट धरलंय की मला वाजताही येत नाही.

"हॅलो, हां मनस्विनी, बोला. स्वानंदीला काय होतंय?"