राणी नसलेली पेटी

मुलगी काव्या शिकायला स्कॉटलंडला गेली आणि अमिरातीतल्या उम्म अल कुवैनच्या त्या फ्लॅटमध्ये दिवसा बोलायला कुणी उरलं नाही. छायाचा नवरा हेमचंद्र इंडस्ट्रियल एरियातल्या एका पाइपच्या कंपनीत प्रॉडक्शन मॅनेजर होता. सकाळी लवकर जायचा, रात्री जेवायच्या वेळी यायचा आणि जेवतानाही कुणाशी तरी फोनवर बोलत असायचा. हे वर्षानुवर्षं असंच चाललं होतं. पण तेव्हा मधे काव्या होती, तिची शाळा होती, क्लासेस होते, तिला इकडून तिकडे सोडणं-आणणं होतं.

शहराबाहेर एका अरबाने आपल्या खजुराच्या बागेतली मोकळी जमीन तुकड्या-तुकड्यांनी भाजीपाल्याला भाड्याने द्यायला काढली होती. छायाने त्यातला एक तुकडा घेतला. काकडीचे वेल छान चढले, फुलं आली, पण काकड्या बोटाएवढ्या होऊन पिवळ्या पडायच्या आणि गळायच्या. बी.एस्सी.ला तिचा विषय बॉटनी होता, त्यामुळे कारण कळायला वेळ लागला नाही. बागेत मधमाश्या दिसतच नव्हत्या. काही दिवस ती रंगवायचा ब्रश घेऊन या फुलातले परागकण त्या फुलाला लावत फिरली. मग बागेच्या राखणदाराने तिला खैरुद्दीनचा नंबर दिला.

खैरुद्दीन पेशावरकडचा. थोड्या अंतरावर बोरीच्या झाडांखाली त्याच्या मधपेट्या होत्या. एका संध्याकाळी तो पिकअपमधून एक पेटी घेऊन आला आणि छायाच्या वाफ्यांमागे, घाफच्या, म्हणजे शमीच्या, झाडाच्या सावलीत, विटांवर ती मांडली. धूर कसा द्यायचा, पेटीतली पोळ्याची फ्रेम कशी उचलायची, इतर माश्यांपेक्षा लांबट असलेली राणी कशी ओळखायची, हे त्याने एकदाच दाखवलं. त्याचा फोन सारखा वाजत होता.

"दस-बारह दिन में एक बार देखो, बाजी. ज़्यादा नहीं," तो म्हणाला आणि गेला.

छायाने पहिल्यांदा एकटीने झाकण उघडलं. आतून मेणाचा आणि मधाचा ऊबदार वास आला. हजारो माश्या आपापल्या कामात होत्या, तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. "राहू दे, राहू दे, मी काही घेत नाहीये," ती म्हणाली आणि स्वतःचाच आवाज ऐकून दचकली. त्या दिवसातलं तिचं ते पहिलं वाक्य होतं.

पुढच्या वेळी ती जास्त बोलली. कोपऱ्यातल्या बिऱ्हाडाने आज उशीर केलाय, ही फ्रेम जड झाली, ती हलकी राहिली. दहा दिवसांचे चार झाले, चाराचे दोन. उघडायची काही गरज नसायची. गाडी बागेकडे वळली की तिला बरं वाटायचं, एवढंच.

नोव्हेंबरच्या शेवटी काव्याचा फोन आला.

"आई, आय वोन्ट बी कमिंग इन डिसेंबर. फ्लॅटमेट्सबरोबर ट्रिप ठरलीय. इट्स जस्ट वन विंटर."

"बरं," छाया म्हणाली. "गरम कपडे पुरेसे आहेत ना?"

"आई, प्लीज."

हेमचंद्र रात्री म्हणाला, "एंजॉय करू दे तिला. आपण त्या वयात घरी बसून होतो का?" त्याचं बरोबर होतं. छायाने ताटं उचलली.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून वारा होता. वाळू उडत होती. अशा दिवशी पेटी उघडायची नसते हे तिला माहीत होतं. तरी तिने उघडली. धूर नीट धरला नाही. माश्या एकदम उसळल्या, हातमोजा आणि बाही यांच्या फटीत एक शिरली आणि मनगटाला डसली. छायाच्या हातातली फ्रेम निसटली आणि धपकन खाली आदळली. तिने ती घाईघाईने आत सरकवून झाकण लावलं, गाडीत जाऊन बसली आणि बराच वेळ रडली. मनगट दुखत होतं, पण रडणं त्याचं नव्हतं.

आठवड्याने पेटीचा आवाज बदललेला होता. नेहमीची संथ गुणगुण जाऊन आत कुणी कण्हतंय असं वाटत होतं. फ्रेमवर नवी अंडी नव्हती. एका फ्रेमला मात्र भुईमुगाच्या शेंगेसारखी दोन-तीन लांबट मेणाची घरं लटकत होती. तिने खैरुद्दीनला फोन लावला.

"रानी मर गई, बाजी," तो म्हणाला. "दब गई होगी. बार-बार खोला क्या?"

"हां."

"अब वो ख़ुद नई बना रहे हैं. महीना भर हाथ मत लगाना. इन्शाल्ला बन जाएगी. नहीं बनी, तो खलास."

घरी तिने हेमचंद्रला सांगितलं.

"म्हणजे एक माशी मेली?"

"हो. एकच."

"मग दुसरी पेटी घेऊ ना."



तो महिना फार लांबला. ती रोज जायची, भाज्यांना पाणी घालायची आणि उलट्या क्रेटवर, पेटीपासून जरा दूर, बसायची. आत काय चाललंय हे कळायला मार्ग नव्हता. दारातून ये-जा करणाऱ्या माश्या कमी होत चालल्या होत्या. जुन्या मरत होत्या, नव्या जन्मत नव्हत्या. कधी कधी तिचा हात झाकणाकडे जायचा, मग ती उठून बांधावरून चालून यायची. तिने माश्यांशी बोलणंही सोडलं. आपल्याला करमत नाही म्हणून आपण दुसऱ्याचं घर उचकटत राहिलो, असं तिला वाटायचं, आणि ते सांगावं असं कुणी तिला सुचत नव्हतं.

जानेवारीतल्या एका शनिवारी ती हेमचंद्रला म्हणाली, "आज पेटी उघडायचीय. तुम्ही चला माझ्याबरोबर. एकटीला जाववत नाहीये."

त्याने गाडीची किल्ली घेतली.

बागेत पोचताच त्याचा फोन वाजला. तो दूर, वांग्यांच्या वाफ्यापाशी थांबून बोलू लागला. छायाने धूर दिला, घाई केली नाही. पहिली फ्रेम रिकामी. दुसरीवर थोडा मध. तिसरी तिने उन्हाकडे तिरपी धरली आणि तिला दिसलं. प्रत्येक घराच्या तळाशी, तुटलेल्या शेवईच्या कणासारखं, एकेक पांढरं अंडं उभं होतं.

तिने फ्रेम उंच करून हेमचंद्रला दाखवली. त्याने बोलता बोलता अंगठा वर केला.

फोन संपवून तो आला तेव्हा ती फ्रेम परत ठेवत होती.

"काय निघालं?"

"राणी आहे."

"दिसली?"

"नाही. अंडी दिसली."

"मग शोध ना. उघडलंच आहेस तर."

"नको," छाया म्हणाली आणि झाकण लावलं.

परत निघताना, बागेच्या फाटकापाशीच, हेमचंद्रने गाडी थांबवली. "हलू नकोस. तुझ्या केसांत एक आहे."

तिने हळूच काच खाली केली. दोघं न हलता बसून राहिले. माशी केसांवरून खांद्यावर उतरली, तिथे पंख साफ करत राहिली, आणि मग बाहेर उडाली.

"इथून पेटी सापडेल तिला?" हेमचंद्रने विचारलं.

"सापडेल. लांब नाहीये फार."

त्याने गाडी सुरू केली. छायाने काच मुख्य रस्ता लागेपर्यंत वर केली नाही.