विलनच्या झग्यावरची लाल चिंधी

मित्रांनो, मी एक जुना काळा झगा आहे. वय विचाराल तर पाचच वर्षांचं, पण कपड्याला पाच वर्षं म्हणजे म्हातारपणच. सुरतेच्या गोडादऱ्यातल्या एका खोलीत, दारामागच्या खिळ्यावर मी लटकलेलो असतो. पंखा सुरू झाला की मी फडफडतो, बंद झाला तरी माझी चुळबुळ थांबत नाही. मला स्वस्थ राहताच येत नाही. ज्याला सगळं माहीत आहे आणि तोंड मात्र नाही, तो स्वस्थ कसा राहणार, तुम्हीच सांगा.

लहान मुलं मला पाहिलं की पळतात, कारण मी विलनचा झगा आहे. हिरोच्या निळ्या जॅकेटबरोबर सगळे फोटो काढतात. माझ्याकडे बोट दाखवून "मारा याला" म्हणतात. पण मी जन्मलो तेव्हा पांढरा होतो, हे कोणाला सांगू?

माझा जन्म भेस्तानच्या एका कापड कारखान्यात झाला. बारा मशीनवर सुकदेव एकटा उभा असायचा. त्याचा धाकटा भाऊ वाल्मिक पुढच्या पाळीला यायचा. धुळ्याकडच्या एकाच गावातून दोघे एकाच गाडीने सुरतेला आलेले, एकाच डब्यात जेवलेले. तिथला खडखडाट असा की शेजारच्याने हाक मारली तरी ऐकू यायची नाही. म्हणून कारखान्याची एक रीत होती. मशीन दुरुस्त करायला कोणी मागे वाकला, की आधी हँडलला लाल चिंधी बांधायची. दुसरी रीत म्हणजे, पाळी बदलताना येणाऱ्या माणसाने आधी बंद मशीन सुरू करायची, मग चहा प्यायचा. बंद मशीन दिसली की सेठच्या कपाळाला आठी पडायची.

त्या दिवशी सुकदेवने वाल्मिकला तासभर लवकर बोलावलं होतं. त्याला घरी जायची घाई होती. तेवढ्यात माझे धागे तुटले. मशीन थांबली आणि सुकदेव मागे वाकून गिअरमध्ये अडकलेला गुंता काढू लागला. वाल्मिक आला. त्याने पाहिलं, मशीन बंद आहे आणि हँडलवर चिंधी नाही. सवयीने त्याने हँडल ओढलं.

सुकदेवच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. त्याच्या हाताला गुंडाळायला जे पहिलं कापड फाडलं, ते मी होतो.

सेठने विचारलं, चूक कोणाची? वाल्मिक आपल्या अहिराणीत म्हणाला, "चिंधी बांधेल नव्हती, सेठ." चिंधी बांधलेली नव्हती, तेवढंच. पण भावाविरुद्ध बोलला, एवढंच सगळ्यांच्या लक्षात राहिलं. सेठने हात वर केले, सुकदेवचं काम सुटलं. घरात बोललं जाऊ लागलं की वाल्मिकने स्वतःची कातडी वाचवायला भावाला खोटं पाडलं. चिंधी बांधलेलीच असणार, असं घरचे धरून चालले आणि सुकदेवने ते कधी खोडून काढलं नाही. वाल्मिक दूर कडोदऱ्याला राहायला गेला. एकदा तो माफी मागायला दारात आला, तेव्हा नऊ वर्षांच्या योगिताने, सुकदेवच्या मुलीने, त्याच्या तोंडावर दार लावलं होतं. "तुम्ही विलन आहात, काका!" असं ती आतून ओरडली. तो जिना उतरून गेला.

मला धुऊन पेटीत ठेवलं गेलं. रक्त निघालं, तेलाचा डाग राहिला. पेटीत पडून मी चार वर्षं तळमळत होतो.

मग योगिता तेरा वर्षांची झाली आणि तिच्या डोक्यात जपानी मालिकांचं वेड शिरलं. तिची आई सरलाबाई मशीनवर साड्यांना लेस लावता लावता म्हणायची, "बंद कर ते कार्टून."

"कार्टून नाही मम्मी, ॲनिमे!"

त्या मालिकेत पुलांचं एक शहर होतं. मिसाओ नावाचा पोरगा पूल राखायचा आणि योकुरा नावाचा सेनापती ते तोडायचा. गल्लीतल्या मुलांनी श्रावणातल्या कानबाईच्या सणाच्या रविवारी त्याचं नाटक करायचं ठरवलं. चिठ्ठ्या टाकल्या. मिसाओ झाला शेजारचा लोकेश, आणि योगिताच्या वाट्याला योकुरा आला. तिने आदळआपट केली, पण चिठ्ठी ती चिठ्ठी.

झग्यासाठी कापड शोधताना मी सापडलो. माझ्या अंगात पॉलिएस्टर, घरच्या पातेल्यात रंग काही चढेना. शेवटी डाईंग मिलमध्ये कामाला जाणाऱ्या शेजाऱ्याने मला तिकडच्या काळ्या रंगात बुडवून आणलं. सरलाबाईने मला शिवलं. तेलाचा डाग तेवढा उजेडात अजून वेगळा दिसतो.

तालमी सुरू झाल्या आणि योगिताचं काही जमेना. ती मला खांद्यावर टाकून खोलीत येरझाऱ्या घालायची. मिसाओ पूल का राखतो हे मालिकेत सांगितलं होतं, पलीकडच्या काठावर त्याची आई होती. पण योकुरा पूल का तोडतो, हे काही सांगितलं नव्हतं.

"कारण कळल्याशिवाय मी कशी उभी राहू?" ती म्हणायची.

लोकेश हसायचा. "अरे, विलन छे. एने कारण शुं जोईए?" विलनला कशाला हवं कारण, असं त्याचं म्हणणं.

एका दुपारी तिने वडिलांनाच विचारलं, "पप्पा, वाईट माणूस वाईट का वागतो?"

सुकदेव आता एका सोसायटीत वॉचमन होता. तो बुटांची नाडी डाव्या हाताने बांधत होता. तो थांबला. "वाईट नसतो गं," तो म्हणाला. "घाबरलेला असतो. आणि जो चांगला दिसतो ना, तोही घाबरलेला असतो." एवढं बोलून तो गेला, नाडी तशीच सुटलेली. मी खिळ्यावर नुसता फडफडत राहिलो.

मग कानबाई जवळ आली. आमच्या खानदेशी घरांत कानबाईच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढतात, आणि ते रोट भाऊबंदांनीच खायचे असतात. सरलाबाई सूप घेऊन बसली. सुकदेवची मूठ घातली, धाकट्या चेतनची घातली आणि सूप उचललं.

पप्पांचं ते बोलणं योगिताच्या डोक्यातून गेलं नव्हतं. "बस?" ती म्हणाली. "काकांची?"

"त्यानं नाव या घरमा लेवानं नई," सरलाबाई म्हणाली. चार वर्षं ती हेच म्हणत होती आणि चार वर्षं सुकदेव गप्प बसत होता.

या वेळी तो उठला. त्याने उजवा हात गव्हात घातला आणि मूठ वर काढली. दोन बोटांच्या जागेतून गहू भराभर गळून गेले. त्याने पुन्हा मूठ भरली, पुन्हा गळाली. सरलाबाई पुढे झाली तर तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे. त्याना नावनी मूठ मीच भरस." चौथ्या की पाचव्या खेपेला त्याची सव्वा मूठ पुरी झाली. सरलाबाईने पदर डोळ्यांना लावला. सुकदेवने फोन उचलला आणि इतकंच म्हणाला, "वाल्मिक, रविवारे रोट खावाले ये."

रविवारी गल्लीत बाकं जोडून पूल केला होता. वाल्मिक आला, पण मागे पानाच्या टपरीजवळच उभा राहिला. योगिताने त्याला पाहिलं. तिने मला गळ्याशी घट्ट आवळून धरलं. लोकेशने तलवार उपसली. आता तिने हसून पुलावर लाथ मारायची, असं ठरलं होतं. ती हसलीच नाही.

"हो, पूल मीच तोडला," ती म्हणाली. "पण तुमच्यापैकी एकाने तरी विचारलं का, की का तोडला?"

हे वाक्य तालमीत नव्हतं. लोकेशची तलवार तशीच वर राहिली.

आणि प्रेक्षकांतून सुकदेव उठला. टपरीकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने तो म्हणाला, "चिंधी मी बांधेल नव्हती. मना भाऊनी खरं सांगं व्हतं. खोटा मीच व्हतू."

लोकांना वाटलं, हेही नाटकातलंच. त्यांनी कडाडून टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांत वाल्मिक लहान मुलासारखा रडत होता, हे कोणी फारसं पाहिलं नाही. मी पाहिलं.

मग घरातले सगळे रोट खायला बसले. योगिताने हातातला घास खाली ठेवला. "पप्पा, तुम्ही चिंधी का नाही बांधली? एवढी कसली घाई होती?"

दोघा भावांनी एकमेकांकडे पाहिलं.

"असंच," दोघे एकदमच म्हणाले.

मित्रांनो, मी तुम्हाला सांगतो, पण तिला सांगू नका. बोटं गेली त्या संध्याकाळी योगिताच्या शाळेचं गॅदरिंग होतं. तिचा पहिला नाच होता आणि "पप्पा, आलेच पाहिजे" असं तिने दहा वेळा बजावलं होतं. तिला हे कधी कळू नये, म्हणून बाप खोटा राहिला. आणि काकालाही ते ठाऊक होतं. तिने तोंडावर दार लावलं, त्याला विलन म्हटलं, तेव्हा एका वाक्यात तो सुटला असता. तो जिना उतरून गेला. आता सांगा, यातला हिरो कोण आणि विलन कोण? मी इतकी वर्षं हाच विचार करत फडफडतोय.

दुसऱ्या दिवशी सुकदेवने माझ्या गळ्याशी एक लाल चिंधी बांधली. नाटकं होत राहतात, मुलं मला घालतात आणि ही कशाला म्हणून विचारतात. तुम्हीही मला घालाल तेव्हा ती सोडू नका. मला धुवा, पेटीत कोंडू नका. आणि कोणाला विलन म्हणायचं झालं, तर हँडल ओढण्याआधी एकदा मागे जाऊन बघा. तिथे कोणीतरी वाकलेलं असतं.