सासऱ्यांचे ठोके

"येत्या काही वर्षांत माणूस मरणं सोडून देणार आहे," अपडेटरावांनी जाहीर केलं. "मृत्यू म्हणजे मुळात देखभालीतली हलगर्जी. मोजमाप चोख ठेवलं, तर शरीर बंद पडायला काही कारणच उरत नाही."

हे त्यांनी जाहीर केलं ते स्वयंपाकघरात, उजवा हात नळाखाली धरून. त्या हाताच्या बोटात झोप मोजणारी अंगठी अडकली होती, बोट सुजून जांभळं पडलं होतं, आणि त्यांची बायको भांडी घासायच्या साबणाने ती अंगठी ओढत होती.

"बोट सैल सोडा," बायको म्हणाली. "मरण नंतर बंद करा."

अंगठी निघाली. सोबत थोडी कातडीही आली. मग बायको शाळेत गणित शिकवायला निघून गेली आणि अपडेटरावांनी फोन उघडला. रात्रभर त्यांनी ठणकत्या बोटाने कूस बदलली होती. फोन म्हणत होता, झोप उत्तम.

अपडेटराव हे त्यांचं ऑफिसात पडलेलं नाव. दर काही वर्षांनी ते स्वतःची नवी आवृत्ती काढत. उमेदवारीत ते प्रोग्रॅम लिहायचे. मग त्यांच्याहून भराभर लिहिणारी पोरं आली, तेव्हा ते दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका काढू लागले, आणि हे काम त्यांच्या स्वभावाला जास्त मानवलं. पुढे ते इशारा विभागात गेले. कुठलंही यंत्र बिघडलं की तिथे पडद्यावर लाल इशारा यायचा. विभागाचा रिवाज असा, की आधी इशारा गप्प करायचा आणि मग तो का आला ते बघायचं. एकदा गप्प झाल्यावर तो का आला ते बघायला सहसा कुणाला सवड नसे. शेवटी ते व्यवस्थापक झाले, म्हणजे दिवसभर लोकांना "कुठवर आलं?" एवढंच विचारू लागले.

प्रत्येक बदलाआधी ते एक कोर्स करत आणि प्रत्येक बदलानंतर एक यंत्र विकत घेत. उभं राहून काम करायच्या टेबलावर आता धुतलेले कपडे वाळायचे. पाठ ताठ ठेवणारा पट्टा बायकोने जुन्या सूटकेसला बांधला होता, आणि पाणी प्यायची आठवण करणारी बाटली माळ्यावरून अधूनमधून तहानेने टुणटुणायची.

आता मात्र प्रोग्रॅम स्वतःच स्वतःला लिहू लागले होते. "कुठवर आलं?" हेही तेच एकमेकांना विचारायचे. विभागातल्या खुर्च्या एकेक करून रिकाम्या होत होत्या. इतकी वर्षं लोकांच्या पाठी मोडून झाल्यावर कंपनीला त्या पाठींची काळजी वाटू लागली होती, म्हणून एक नवी जागा निघाली होती: आरोग्यप्रमुख. त्या जागेसाठी दोघंच उरली होती, अपडेटराव आणि रोज सायकलने येणारी, सडसडीत अंगाची एक सहकारी, जिला सगळे सायकलवाली म्हणत. ज्याला जागा मिळणार नाही त्याने "नव्या संधींचा शोध घ्यावा" असं पत्रात होतं. अपडेटराव पन्नाशी ओलांडून गेले होते. संधी कुठे राहतात हे त्यांना ठाऊक होतं, आणि तिथे आपल्याला कुणी दार उघडणार नाही हेही.

दोघांनाही कंपनीने एकेक घड्याळ दिलं. चालणं, जिने, ठोके, सगळं ते मोजणार, आणि ऑफिसच्या दर्शनी भागातल्या मोठ्या पडद्यावर अष्टौप्रहर दाखवणार. पंचाईत गुडघ्यांची होती. अपडेटराव दोन पायऱ्या चढले की गुडघे गंजलेल्या बिजागरीसारखे वाजायचे.

घरात चालणारं माणूस एकच होतं, ते म्हणजे सासरे. जन्मभर दारोदार फिरून त्यांनी विजेचे मीटर वाचले होते. सासूबाई गेल्यावर लेकीकडे राहायला आले, तरी पायांची सवय सुटली नव्हती. सकाळी लांबवर फिरून यायचे आणि इमारतीची लिफ्ट बंद पडल्यापासून पाचवा मजलाही पायीच चढायचे.

"बाबा, तुमच्याकडे एक काम होतं."

"माझ्याकडे? मग पुन्हा अंगठीच अडकली असणार."

"हे घड्याळ घालून फिरायला जायचं. बस."

"वेळ कळते मला. भूक लागली की परत येतो."

"वेळेसाठी नाही. चालणं मोजतं ते. माझ्या नावावर."

सासऱ्यांनी घड्याळ उलटंपालटं करून पाहिलं. "म्हणजे चालायचं मी आणि निरोगी व्हायचं तुम्ही."

"थोडे दिवस. निवड समितीची बैठक होईपर्यंत."

"मीटर दुसऱ्याच्या घराला जोडणारी माणसं खूप पाहिली, जावईबापू. पण ती चोरून जोडायची. तुम्ही विचारून जोडताय. सभ्य आहात." मग घड्याळ मनगटाशी धरून त्यांनी विचारलं, "नोकरी खरंच जाईल का हो?"

"जाईल."

"मग बांधा. पोरीला मात्र सांगू नका, उगीच वैतागेल."

ऑफिसात मनगट मोकळं दिसू नये म्हणून अपडेटरावांनी हुबेहूब तसंच दुसरं घड्याळ घेतलं. ते कशालाच जोडलेलं नव्हतं. एवढं महागाचं यंत्र, पण नुसती वेळ दाखवायचं.

त्यांचं नाव पडद्यावर चढू लागलं. एकदा भर बैठकीत मोठ्या साहेबांनी त्यांना सोलून काढलं, तेव्हाही बाहेरच्या पडद्यावर त्यांच्या ठोक्यांत काडीचा फरक पडला नाही, कारण ते हृदय त्या वेळी घरी पाय पसरून पेपर वाचत होतं. लोक म्हणाले, काय स्थितप्रज्ञ माणूस आहे. जिन्याचे फायदे यावर त्यांचं भाषण झालं. भाषणाला ते लिफ्टने गेले. सायकलवालीसुद्धा येऊन विचारून गेली, "सर, एवढं जमवता कसं हो?" अपडेटराव म्हणाले, "घरच्यांचा पाठिंबा."

आणि एका दुपारी त्यांचा फोन थरथरला. 'तुमच्या हृदयाची लय अनियमित दिसते. डॉक्टरांना भेटा.'

अपडेटरावांना दरदरून घाम फुटला. छातीवर हात ठेवला, तर खरंच काहीतरी धडधडत होतं. अर्ध्या दिवसाची रजा टाकून ते डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी आडवं केलं, तारा चिकटवल्या, ठोक्यांच्या आलेखाची पट्टी काढली.

"हृदय ठणठणीत आहे," डॉक्टर म्हणाले. "गुडघे मात्र पुराणवस्तू आहेत."

"पण घड्याळ तर म्हणतंय..."

"मग घड्याळाला तपासा."

अपडेटरावांचा जीव भांड्यात पडला. डॉक्टरांचं प्रमाणपत्र खिशात घालून ते बाहेर आले, 'हा इशारा पुन्हा दाखवू नका' यावर बोट ठेवलं, आणि घड्याळ बनवणाऱ्यांना एक खरमरीत तक्रार धाडली.

ते घड्याळ कुणाच्या मनगटावर होतं हे तुमच्या लक्षात असेल. अपडेटरावांच्या नव्हतं. आकडे त्यांच्या नावाखाली येत होते, आणि आपल्या नावाखाली जे येतं ते आपलंच असतं, ही सवय त्यांना व्यवस्थापक असल्यापासून जडली होती.

"हल्ली जिना वाढलाय," त्या आठवड्यात सासरे जेवताना म्हणाले. "मधे बसावं लागतं."

"लिफ्टवाले येणारेत, बाबा."

"सकाळचं जरा कमी केलं तर चालेल?"

अपडेटरावांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. बायको आत होती. आवाज खाली आणून ते म्हणाले, "शुक्रवारी बैठक आहे. सायकलवाली अगदी मागोमाग आलीय."

"मग राहू दे. शुक्रवार काय, आलाच."

शुक्रवारी समितीसमोर अपडेटराव बसले. सायकलवाली बाहेर बाकावर वाट बघत होती. कंपनीच्या तरुण डॉक्टरने भिंतीवर ठोक्यांची एक वेडीवाकडी रेघ दाखवली.

"सर, इशारा आला होता. तुम्ही बंद केलात?"

"लगेच तपासून घेतलं." अपडेटरावांनी प्रमाणपत्र पुढे केलं.

डॉक्टरने ते वाचलं. "हे तर उत्तम आहे. मग घड्याळच बिघडलेलं असणार. कारण ही रेघ तुमच्या वयाची वाटतच नाही. सत्तरीच्या पुढच्या माणसाची वाटते. असा कुणी खरंच असता, तर मी त्याला एक जिना चढू दिला नसता."

तेव्हा कुठे अपडेटरावांना ते मनगट आठवलं. बारीक, सुरकुतलेलं, पट्ट्याला शेवटच्या भोकात बसवावं लागणारं. वाढलेला जिना आठवला. हृदय तेच होतं, पण पडद्यावर आल्याशिवाय ते त्यांना दिसलं नव्हतं.

एक वाक्य बोलायचं होतं. ते जिभेवर आलंसुद्धा. समितीच्या बाई पेन उघडून त्यांच्याकडे बघत होत्या.

"बरोबर आहे," अपडेटराव म्हणाले. "घड्याळाचीच चूक."

बाईंनी सही केली. टाळ्या झाल्या, हस्तांदोलनं झाली, फोटोसाठी पुन्हा एकदा हस्तांदोलन झालं. मग ते धावत बाहेर आले आणि घरी फोन लावला. घंटा वाजत राहिली.

दर्शनी पडद्यावर त्यांचं नाव सगळ्यात वर, फुलांच्या चौकटीत झळकत होतं. नावापुढे ठोक्यांच्या जागी शून्य होतं. खालून अभिनंदनाचे निरोप सरकत होते.

"साहेब, पेढे कधी?" स्वागतकक्षातली मुलगी हसून म्हणाली, आणि मग तिने पडद्याकडे पाहिलं. "अय्या, तुमचं हृदय बंद दाखवतंय."

"घड्याळ काढलंय."

"हातात तर आहे."

इतक्यात बायकोचा फोन आला. बाबा जिन्यात कोसळले होते. शेजाऱ्यांनी हॉस्पिटलात हलवलं होतं.

संध्याकाळी त्यांना आत सोडलं. सासरे वाचले होते. आता लांबचं फिरणं विसरायचं आणि जिन्याचं नावही काढायचं नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. बायको पलंगाशेजारी बसली होती. मांडीवर एक प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत घड्याळ.

"नर्सने दिलं. बाबांच्या हातात होतं," ती म्हणाली. "तुमच्या ऑफिसचं ना हे?"

"हो."

"मग तुमच्या हातात काय आहे?"

"मीच मागून घेतलं होतं गं," सासरे डोळे मिटूनच म्हणाले. "म्हटलं, बघू तरी कसं असतं."

सुटायला वाट मिळाली होती. अपडेटराव तिच्यात अर्धे शिरलेही होते. पण त्या बारीक मनगटावर पट्ट्याचा वळ अजून उमटलेला दिसत होता.

"नाही," ते म्हणाले. "मी बांधलं. चालणं माझ्या नावावर लागावं म्हणून. मग इशारा आला. मी तो बंद केला."

"कधी आला?"

"याच आठवड्यात. तो बाबांचा होता हे आज बैठकीत कळलं."

बायकोने पिशवीची गाठ सोडली, पुन्हा मारली. "आणि आज कळल्यावर?"

"आज... बैठक होऊ दिली."

"मिळाली जागा?"

"मिळाली."

"छान झालं," ती म्हणाली आणि पिशवी औषधांच्या ट्रेमध्ये ठेवून खिडकीकडे तोंड करून बसली.

अपडेटराव उठून उभे राहिले. "मी उद्याच राजीनामा टाकतो. ही सगळी यंत्रं फेकून देतो. माणसाने माणसाकडे पाहायला शिकलं पाहिजे. यापुढे माझं उरलेलं आयुष्य..."

"जावईबापू," सासऱ्यांनी एक डोळा उघडला. "माझा चष्मा घरी राहिलाय. तेवढा आणता का? लिफ्ट अजून बंदच असेल. सावकाश चढा."